अनसाबाईंचा आखूड दोडका

समोर येईल ती भाजी, न निवडता, न दाबून बघता, नाक न मुरडता, तुम्ही शेवटची कधी घेतलीत?

आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पुण्यात आता कोणालाच आठवत नाही. आपण फोनवर बोट ठेवतो आणि ऐन मे महिन्यात दहा मिनिटांत दारात मटार येतो. याला आपण सोय म्हणतो. मी याला उर्मटपणा म्हणते. ऋतूशी, जमिनीशी आणि ती कसणाऱ्या माणसाशी केलेला उर्मटपणा. पण त्यावर मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत आणि ती पुष्कळांनी भेळ खायला वापरली आहेत. आज मला फक्त अनसाबाईंबद्दल लिहायचं आहे. सहा उन्हाळे त्यांनी आम्हाला भाजी निवडू दिली नाही.

त्यांचं रान नगर रस्त्याला, येरवडा मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर आतल्या बाजूला होतं. गाव महापालिकेत आलं, नकाशातल्या शेतीच्या हिरव्या रंगाचा घरबांधणीचा पिवळा झाला, आणि दिरांनी आपापल्या जमिनी बिल्डरला देऊन टाकल्या. अनसाबाईंच्या नावावरचे तीस गुंठे तेवढे राहिले. तिन्ही बाजूंना बारा मजली इमारती आणि मध्ये गवार. दुपारी तीननंतर अर्ध्या रानावर इमारतीची सावली पडायची. अनसाबाई म्हणायच्या, "बरं हाय की. फुकटचं छप्पर."

व्यवस्था साधी होती. आम्ही काही घरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरायचे. मग रान जे देईल ते सगळ्यांचं. दर रविवारी सकाळी त्यांचा मुलगा बाळासाहेब टेम्पो घेऊन नारायण पेठेत यायचा. लेलेकाकांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरली जायची. लेलेकाका म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक आणि आमच्या गटाचे, कोणीही न निवडलेले, अध्यक्ष.

अनसाबाई पुढच्या सीटवरून उतरायच्या. साठी ओलांडलेली, काटक बाई. अंगावर नऊवारी आणि पायात मुलाचे जुने खेळाचे बूट, नाडीच्या जागी सुतळी. वजनकाटा त्यांनी कधी आणला नाही. त्या ताडपत्रीवर नजरेनं वाटे घालायच्या, घराला एक. मूठभर इकडची तिकडे, दोन काकड्या तिकडच्या इकडे. मग आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. लेलेकाका काठीचं टोक एका वाट्याला लावून विचारायचे, "हा कोणाचा?"

"जोशीबाईचा," अनसाबाई पाठमोऱ्याच सांगायच्या.

"आणि हा?"

"तुमचाच द्या की, काका. किती येळ टोचताय त्याला!"

गावाकडे वाटणी अशीच होते. ज्यानं वाटे घातले, त्याला कोणता वाटा कोणाकडे जातो हे दिसता कामा नये. न्यायाची याहून सोपी व्याख्या मला एकाही पुस्तकात सापडलेली नाही.

लेलेकाकांना ही पद्धत मान्य होती, भाजी मान्य नव्हती. एका चैत्रात सलग चार रविवार गवार आली.

"अहो अनसाबाई, मागच्या रविवारी गवार, त्याच्या मागच्या रविवारी गवार. आमच्या घरात आता गवारीशी बोलणं बंद झालंय."

"न बोलता खावा."

"दुसरं काही नाहीच का रानात?"

"हाय की. उंदीर हायेत."

तक्रारीला त्यांचं एकच ठरलेलं उत्तर असायचं, "रानात हाय ते पाटीत हाय." आणि कौतुकाचा त्यांना तक्रारीपेक्षाही जास्त कंटाळा. कोणी "भेंडी काय गोड होती हो" म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. "गोड व्हती म्हनू नका. संपली म्हना."

ती संपायचीच. चैत्रात तांदुळजा आणि चवळीच्या शेंगा, बोटाएवढी भेंडी, साल न काढता कचाकचा खावी अशी काकडी. माझी आई तांदुळज्याची, लसणाची फोडणी देऊन परतलेली भाजी करायची आणि आम्ही कढई पुसून खायचो. त्यात मजा भाजीची होती, तितकीच वाट बघण्याची होती. पुढच्या रविवारी काय येईल, हे नारायण पेठेतल्या कोणालाच ठाऊक नसायचं. जे आपल्या हुकमावर येत नाही, त्याची चव वेगळी असते.

वैशाख लागला की रान आक्रसायचं. बोअर दिवसातून तासभर पाणी द्यायची. पालेभाजी जळायची, गवार निबर व्हायची. तेव्हा उरायचा तो अनसाबाईंचा दोडका. आखूड, वीतभरही नाही, फिकट हिरवा, शिरा बोथट. बाजारातल्या लांबसडक दोडक्याच्या शेजारी ठेवला तर कुपोषित वाटावा. पण दोन-दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी हा वेल मान टाकायचा नाही. त्यांनी सासरी येताना बी आणलं होतं, आणि त्यांच्या आईनं तिच्या माहेराहून. चैत्राच्या शेवटापासून मृगापर्यंतचे आमचे वाटे या एका वेलावर चालायचे.

एकदा वाटे झाल्यावर त्या पाणी प्यायला आमच्या घरी आल्या. आई ओट्यापाशी दोडका सोलत होती. अनसाबाईंनी पेला तसाच खाली ठेवला.

"हे काय केलं, बाई?"

"शिरा आहेत हो. त्या कोण खातं?"

"म्या खाते. तवा कुठं हाय?"

माझ्या आईच्या ओट्याला माझी आत्यासुद्धा हात लावत नाही. ती आई बाजूला सरकली. अनसाबाईंनी केराच्या डब्यात जाऊ घातलेल्या शिरा धुतल्या, तव्यावर कुरकुरीत परतल्या, तीळ, लसूण आणि हिरवी मिरची घालून वरवंट्यानं रगडल्या. वरवंटा वापरात नव्हता, तो त्यांनी स्वतःच शोधून काढला. त्या गेल्यावर आई म्हणाली, "मीठ किती घालू, एवढंसुद्धा विचारलं नाही." असं म्हणत तिनं तीनदा बोटानं चटणी चाटली. त्या दिवसापासून आमच्या घरी दोडक्याची शीर केरात गेली नाही.

बाळासाहेबाबद्दल मी सुरुवातीला वाईट मत करून घेतलं होतं. त्याला जमीन विकायची आहे म्हणजे माणूस लोभी, असं माझं पत्रकी गणित. एकदा त्याच्या रानात उभं राहून मी त्याला माती आणि माणूस यांवर ऐकवत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं बराबर हाय," तो म्हणाला. "पन तुमी कागद लिहिता. बोअरमधी दगड टाकून पान्याचा आवाज म्या ऐकतो. यंदा आवाज यायला लई येळ लागतोय."

मग त्यानं ठरावाची गोष्ट सांगितली. ठराव दोघांचाच होता, मायलेकाचा. उन्हाळ्यात दर रविवारी वाटे पडले पाहिजेत. ज्या उन्हाळ्यात एक रविवार चुकेल, त्या उन्हाळ्यात आईनं बिल्डरच्या कागदावर सही करायची. तोवर त्यानं विषय काढायचा नाही.

"आन् काढत बी न्हाई," अनसाबाई बांधावरून ओरडल्या. "गुनाचा हाय. नुसता तोंड पाडून बसतो."

"पण उन्हाळाच का, मावशी?" मी विचारलं.

"पावसाळ्यात कुनीबी शेतकरी असतंय."

असे पाच उन्हाळे गेले. एकही रविवार चुकला नाही.

आता माझी चूक सांगते. ती मला कोणी विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय अनसाबाई पुऱ्या होत नाहीत.

सुरुवातीला आम्ही अठरा घरं होतो. मी पत्रक काढलं, दारोदार फिरले आणि त्या पाचव्या वर्षी अठराची बत्तीस केली. मला वाटलं, जितकी घरं जास्त तितकं ते रान भक्कम. अनसाबाईंनी माघात बियाण्याचा डबा उघडला आणि बत्तीस घरांना पुरावं म्हणून दोडक्याचं होतं नव्हतं ते सगळं बी टोकलं. एरवी त्या मूठभर मागे ठेवायच्या. त्या वर्षी ठेवलं नाही.

मग वैशाखात मी दुसरं पत्रक काढलं. त्याचं शीर्षक मला अजून पाठ आहे. 'वाटा घ्यायला नव्हे, वाटा तोडायला चला!' शहरातल्या माणसानं एकदा तरी आपल्या हातानं आपलं अन्न तोडावं, असा माझा विचार. तो विचार आजही मला चुकीचा वाटत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे.

त्या रविवारी पन्नासएक माणसं टोप्या घालून, मुलंबाळं घेऊन रानात आली. अनसाबाई घरामागच्या चुलीवर आम्हा सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी करत होत्या. बाळासाहेब पंपाशी होता. रानात आम्हीच होतो. दोडक्याच्या मांडवाखाली शिरले तर वेलांच्या बुडाशी मोठाले दोडके लोंबत होते. जून, हिरवट-पिवळे, प्रत्येक वेलाला एक.

"हे बघा," मी ओरडले, "एवढे मोठे तसेच राहून गेलेत! एकट्या बाईच्या किती लक्षात राहणार? काढून घ्या, वाया जातील."

आम्ही सगळे काढले. मुलांनी तर शर्यत लावली. एकही राहू नये म्हणून मी स्वतः शेवटची फेरी मारली.

वेलाचं पहिलं, बुडाशी लागलेलं फळ बियाण्याचं. ते वेलावरच वाळवायचं, आत बी खुळखुळेपर्यंत. त्याला खूण बांधत नाहीत, कारण गावात ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. आमच्यात दोन डॉक्टर होते, एक प्राध्यापक होते, लेलेकाका होते आणि शेतीवर पत्रकं लिहिणारी मी होते. आमच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

ती पाटी मी मिरवत चुलीपाशी नेली. अनसाबाईंच्या हातात थापलेली भाकरी होती. त्यांनी पाटीकडे पाहिलं. भाकरी तव्यात टाकली, एक दोडका उचलला, नखानं फोडला. आतलं बी मऊ आणि पांढरं होतं.

"पांढरं हाय अजून," त्या म्हणाल्या. मला नाही, कोणालाच नाही.

मग त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "बसा जेवायला."

पन्नास माणसांना त्यांनी वाढलं. आग्रह करून वाढलं. जाताना प्रत्येक घरानं एकेक मोठा दोडका नेला. तो चिरल्यावर आत जाळीच निघाली आणि सगळ्या पेठेनं तो ओल्या कचऱ्यात टाकला. पुढच्या रविवारी लेलेकाका म्हणाले, "अनसाबाई, त्या दिवशी दोडका दिलात की अंघोळीची घासणी?" सगळे हसले. त्याही थोड्या हसल्या. नंतर बाळासाहेबानं मला टेम्पोच्या मागे बोलावून काय झालंय ते सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वेलांच्या शेंड्याकडची चार फळं अनसाबाईंनी राखून पाहिली. ती वाळायच्या आधीच वळवाच्या गारांनी फोडली. बी शोधत त्या बहिणीच्या गावी जाऊन आल्या, तिथे सगळा ऊस. लेकीच्या सासरी विचारलं, तिथे आता गोदाम आहे. मी दुकानातून पाकीट आणून दिलं. त्यावर हातभर लांब, चकचकीत दोडक्याचं चित्र. पुढच्या माघात त्यांनी ते निगुतीनं लावलं. वेल आला, पिवळ्या फुलांनी मांडव भरला. मग वैशाखात बोअरनं हात आखडला आणि तीन दिवसांत ती सगळी फुलं खाली पडली.

त्या सहाव्या उन्हाळ्यात घरंही गळू लागली होती. कोणी म्हणालं, मुलं गवार खात नाहीत. कोणी म्हणालं, रविवारी सकाळी उठवत नाही. बत्तिसाची एकवीस झाली. एका शनिवारी दुपारी बाळासाहेबाचा फोन आला.

"ताई, उद्या पाटी रिकामी हाय."

त्यानं हे मला का कळवावं? रविवार चुकला तर फायदा त्याचाच होता. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मी लेलेकाकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पहाटे मंडई उघडते." रविवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं मंडईत होतो. भेंडी, काकडी, गवार आणि त्यातल्या त्यात आखूड असे दोडके शोधून घेतले. पानांना माती लागलेली असावी म्हणून मी तांदुळज्याच्या जुड्या उपसून पाहत होते. काकांनी ताडपत्री अंथरली आणि गुडघ्यांवर बसून एकवीस वाटे घातले. चाळीस वर्षं ज्या माणसानं अर्धा गुण कोणाला उगाच वाढवून दिला नाही, तो त्या सकाळी खोटेपणाची काळजीपूर्वक मांडणी करत होता.

टेम्पो रिकामाच आला. अनसाबाई उतरल्या. वाटे पाहून थबकल्या.

"आज आम्हीच लावलेत," काका घाईनं म्हणाले. "तुम्ही फक्त पाठ करा."

अनसाबाईंनी वाकून एक भेंडी उचलली, तिचं टोक मोडलं.

"कुनाच्या रानातली?"



"अहो, भाजी ती भाजी," काका म्हणाले. "आमची काही तक्रार नाही, अनसाबाई."

"माझी हाय." मग त्या मुलाकडे वळल्या. "बाळ्या, रईवार चुकला."

"पडलेत की वाटं, आये," बाळासाहेब म्हणाला. तो खाली बघत होता.

"माझं न्हाई पडलं."

त्या एवढंच बोलल्या. मग आणलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठ केली. काकांनी काठी लावली. एकवीस नावं अनसाबाईंनी एकामागून एक घेतली, एकही न चुकता. आवाज जराही हलला नाही. काकांचा हलला.

पुढच्याच आठवड्यात सही झाली. मी सभा घ्यायची म्हटलं, निवेदन लिहायला बसले. 'आम्ही तीव्र निषेध करतो' इथवर लिहिलं आणि थांबले. निषेध कोणाचा? सही राजीखुशीची होती. शब्द दिला होता, पाळला. सरकारवर, बिल्डरवर, बाजारावर बोट दाखवायला मला शिकवलेलं आहे, आणि ते बोट खोटं नाही. नकाशाचा रंग कोणी बदलला, बोअर कोणाच्या बारा मजल्यांनी आटवली, हे प्रश्न आहेतच. पण त्या मांडवाखालची शेवटची फेरी मी मारली होती. ते कोणत्या पत्रकात घालू? तीस गुंठे सपाट करायला यंत्राला अर्धा दिवस पुरला.

गेल्या चैत्रात मी त्यांना पाहिलं. रविवारची सकाळ, मंडईत. दोडके, दुधी, पडवळ घेऊन बसणाऱ्यांच्या ओळीत त्या एका गाळ्यापुढे उभ्या होत्या. एकेक दोडका उचलून कानाशी नेत होत्या, हलवत होत्या, परत ठेवत होत्या.

"आजी, घ्यायचं का नुसतं चिवडायचं?" गाळेवाला म्हणाला.

"जून झालेला हाय का रं एखादा? आखूड?"

"जून माल इथं कशाला येईल? कोवळा घ्या, लोण्यासारखा आहे."

"कवळा नको."

त्या पुढच्या गाळ्याकडे गेल्या. तिथेही तेच. मी खांबाआड उभी राहिले. पुढे होऊन वाकून नमस्कार करावा एवढंही मला जमलं नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर मी गाळेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दर रविवारी येते म्हातारी. बसनं येते. काही घेत नाही. डोक्यावर परिणाम झाला असेल."

परिणाम झालेला नाही. त्या आता भाड्याच्या खोलीत राहतात, सहीच्या बदल्यात मिळणारी बारा मजल्यांतली जागा ताब्यात यायची आहे, खिडकीत कुंडी ठेवायलाही जागा नाही, हे सगळं त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी त्या येतात.

म्हणून, आजवर पत्रकांतून मी तुमच्याकडे जे जे मागितलं ते सगळं विसरा आणि एवढंच करा. तुमच्या गावी, मामाच्या परड्यात, सासरच्या कुंपणावर कुठे वीतभरही नसलेला, फिकट हिरवा, बोथट शिरांचा दोडका असेल, तर त्याचं बुडाशी लागलेलं एक फळ तोडू नका, तोडू देऊ नका. वेलावर वाळवा. काळं झालेलं बी कागदात बांधा आणि रविवारी सकाळी मंडईत दोडक्याच्या गाळ्यांपाशी ते अनसाबाईंच्या हातात द्या. त्या ओळखू येतील.

फक्त, कुठे पेरणार, हे त्यांना विचारू नका.